आईंच्या मुठीचं हँडल

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं तेव्हा फरशी, ओटा, ट्रॉल्या हे सगळं माझ्या नवऱ्याने आणि मिस्त्रीने आपसात ठरवून टाकलं. माझ्या वाट्याला उरली हँडलं. ट्रॉल्यांची, वरच्या कपाटांची आणि बाथरूममधल्या बेसिनखालच्या कपाटाची. "तुम्हाला आवडतील ती आणा वहिनी," मिस्त्री म्हणाला, "फक्त दोन भोकांमधलं अंतर मला आधी कळवा."

मी ते काम फारच मनावर घेतलं. उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात मी काम करते. डबा खाऊन झाला की उरलेल्या वेळात फोनवर हँडलं बघत बसायची. गोल नॉब, चौकोनी नॉब, पितळी, लाकडी, चामड्याच्या पट्टीची. कुणाच्या घरी गेले की माझी नजर आधी त्यांच्या कपाटांवर जायला लागली. आमच्या जुन्या कपाटांच्या चकचकीत मुठींना खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत पुटकुळ्या आल्या होत्या, त्यामुळे चकचकीत नको एवढं नक्की होतं. शेवटी मन बसलं ते एका काळ्या बारीक पट्टीवर. ती ट्रॉलीच्या वरच्या कडेला मागच्या बाजूने बसते आणि समोरून फक्त एक काळी रेघ दिसते. बोटांची टोकं मागे घालायची आणि ओढायचं. बाथरूमसाठी मला सोनेरी नॉब हवे होते, अगदी छोटे, सुपारीएवढे.

सासूबाईंना मी आई म्हणते. स्वयंपाकघरात माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच असतात, म्हणून त्यांनीही दुकानात यावं असा मी हट्ट धरला.

"मना काय कळतंय त्यातला?" त्या म्हणाल्या. "उघडला म्हंजे झाला." पण इस्त्रीची साडी नेसून माझ्याआधी तयार होऊन बसल्या.

आई बारा-तेरा वर्षांच्या असल्यापासून मिठागरात कामाला जायच्या. आमच्या भागातल्या मिठागरांवर भराव पडला, यार्डं आली, तेव्हा त्या घरी बसल्या. त्यांच्या हातांना आम्ही सगळे मिठाचे हात म्हणायचो. जाड, भेगाळलेले तळवे. तव्यावरची तांदळाची भाकरी त्या बोटांनीच उलटायच्या, आणि माझी आठ वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून टाळ्या वाजवायची.

पनवेलच्या बाजारातलं ते दुकान एका कच्छी शेठचं होतं. भिंतीवर ओळीने नमुन्याचे ड्रॉवर बसवलेले, पांढरेशुभ्र, प्रत्येकाला वेगळं हँडल. शेठने आईंना हौसेने पुढे केलं. "बा, तमे खेंचो ने. ओढून बघा, हात लावल्याशिवाय कसं कळणार?"

आई लाजल्या, मग रमल्या. एक ड्रॉवर ओढायचा, आत काहीच नाही म्हणून हसायचं, लोटायचा, पुढचा ओढायचा. मी काउंटरवर दोन काळ्या पट्ट्या शेजारी ठेवून कुठली जास्त काळी ते बघत होते. मागून आईंचं बोलणं चालू होतं. गावातल्या कुठल्याशा साखरपुड्याला किती माणसं आली, मटण कसं कमी पडलं.

मी वळले तेव्हा पांढऱ्या ड्रॉवरवर लाल ओघळ होता. त्याच्या शेजारच्यावरही. त्याच्याही शेजारच्यावर. आई चौथा ड्रॉवर ओढत होत्या.

"आई, रक्त!"

त्यांनी ड्रॉवरकडे पाहिलं. हाताकडे नाही. "अगो बाय! रगत? कुनाचा?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांतून रक्त गळत होतं. करंगळीची कातडी पापुद्र्यासारखी सुटून लोंबत होती. माझ्या आवडीच्या पट्टीची मागची कड त्या नमुन्याला नीट घासलेली नव्हती, पात्यासारखी धार होती तिला. "तुमचंच!" मी ओरडले तेव्हा त्यांनी हात वर करून पाहिला, आणि दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तशा बघत राहिल्या.

शेठ पुन्हा पुन्हा माफी मागत पाणी, कापूस, औषध घेऊन धावले. त्यांनी जखम पुसली, सुटलेली कातडी जागेवर दाबली, औषध लावलं. ते औषध किती झोंबतं ते मला माहीत आहे. आई वर पंख्याकडे बघत होत्या. शेठ पट्टी बांधता बांधता थांबले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बेन, बाला दुखत नाही? एवढं कापलं तर माणूस ओरडतो."

हँडलं न घेताच आम्ही परत निघालो. एसटीत मी विचारलं, "आई, खरंच कळलं नाही तुम्हाला?"

"मिठाचे हात हायत गो," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्यानंतर मी त्यांच्यावर नजर ठेवली. आणि जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच मला पहिल्यांदा दिसायला लागलं. पाण्याचा पेला त्या दोन्ही हातांत धरत होत्या. ब्लाऊजची हुकं माझी मुलगी लावून द्यायची, आणि मला तो आजी-नातीचा खेळ वाटायचा. त्यांच्या मनगटापाशी आणि बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते, एक-दोन नव्हे, कितीतरी. वर्षानुवर्षं मी त्या हातचं जेवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या चालल्या होत्या. मी दारातच उभी राहिले. आईंनी भाकरी उलटली, मग काहीतरी आठवून माझ्याशी बोलायला मान वळवली. पण पट्टी काढून टाकलेली त्यांची करंगळी तव्याच्या कडेला टेकलेलीच राहिली. मी धावत जाऊन त्यांचा हात ओढला. हवेत एक वास होता, भाकरीचा नव्हता.

"अशाने कधी कळणार तुम्हाला आई? बोट जळून जाईल!"

"वास येतो ना," आई शांतपणे म्हणाल्या. "कातडीचा वास आला का काढते हात."

मी तिथेच खाली बसले. त्या मला समजावायला लागल्या, की सवय झाली आता, दोन हिवाळे झाले, नाही, जरा जास्तच झाले, आधी करंगळी झोपली आणि मग शेजारचं बोट झोपलं. मी त्यांच्या ब्लाऊजची बाही वर सरकवली. दंडावर तळहाताएवढा फिकट चट्टा होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी चट्टा पाहिला, कोपराच्या आतल्या बाजूची नस अंगठ्याने चाचपली, मग आईंना डोळे मिटायला सांगितलं. "मी पेनाने हळूच टोचेन आजी. जिथे टोचलं असं वाटेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट लावायचं."

आईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी करंगळीला पेन लावलं, शेजारच्या बोटाला लावलं, तळव्याच्या कडेला लावलं, दंडावरच्या चट्ट्यात तीन-चार ठिकाणी लावलं. आई शहाण्या मुलीसारख्या ताठ बसून होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "कवा सुरू करताय, डाक्टरबाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी तो शब्द उच्चारला. कुष्ठरोग. पुढचं सगळं त्यांनी सावकाश, दोन-दोनदा सांगितलं. वर्षभर गोळ्या घ्यायच्या, त्या केंद्रातच मिळतात. आजार पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की आजींपासून कुणाला धोका राहत नाही. ताट वेगळं नको, अंथरूण वेगळं नको. मात्र ज्या नसा दुखावल्या आहेत त्या किती सुधारतील हे आता सांगता येणार नाही, नसांची सूज उतरावी म्हणून वेगळी औषधं देऊ. मी मान हलवत होते. माझ्या कानांत फक्त तो एक शब्द घुमत होता. असले आजार कुठेतरी दुसरीकडे असतात, जुन्या काळात असतात, असं मी धरून चालले होते. आमच्या घरी वायफाय होतं, नवं स्वयंपाकघर होत होतं.

आईंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच हललं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "मना ठाव होता."

"काय ठाऊक होतं?"

"महारोग हाय ते. चट्टा आला तवाच कळला."

त्यांची मावशी होती, त्यांनी सांगितलं. आई लहान असताना त्या मावशीला घराबाहेर काढलं, मिठागरापलीकडे बांधावर झोपडी घालून दिली. आई तिला भाकरी घेऊन जायच्या. बांधावर दगड होता, त्यावर भाकरी ठेवायची, मागे फिरायचं, लांब गेल्यावर हाक मारायची, मग मावशी बाहेर यायची. "तिच्याही दंडावर असाच चट्टा," आई म्हणाल्या. "घरात होती तवा मी रोज बघायची ना."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगून काय, बांधावर जाऊ? बांध तरी कुठं ऱ्हायलाय आता." आणि त्या चक्क हसल्या.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला बरं वाटत नाही. आम्ही घरी पोचलो तेव्हा माझी मुलगी नेहमीसारखी धावत आली आणि आजीच्या कमरेला मिठी मारायला झेपावली. मी तिचा दंड पकडून तिला मागे खेचलं. इतक्या जोरात, की ती रडायला लागली. डॉक्टरांचं बोलणं ऐकून मला तासही झाला नव्हता. आईंनी ते पाहिलं. त्या पाय धुवायला मागे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ताट, पेला आणि चटई मागच्या पडवीत गेलेली होती. कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं. नवरा यार्डाचा ट्रेलर चालवतो, तो कामावर निघाला होता, त्याने पडवीत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोणी केला?"

"त्यांनीच."

"मग तू आत आन ना."

"तू आण."

तो उभा राहिला, गाडीच्या किल्ल्या हातात फिरवत राहिला आणि न जेवता गेला. त्याने आणलं नाही. मीही आणलं नाही. दोन दिवस ते ताट पडवीत राहिलं, आणि त्या दोन दिवसांत मी त्यांना वाढताना पळी ताटाला लागू देत नव्हते. मी शिकलेली बाई आहे, असं मी स्वतःबद्दल समजत आले होते.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राकडून आमच्या गावची आशाताई आली. घरातल्या सगळ्यांना तपासायचं होतं. अंगावर कुठे चट्टा आहे का ते तिने आमच्या पाठी, दंड, पाय बघून तपासलं, आम्हाला लागण होऊ नये म्हणून केंद्रातून ठरवून दिलेल्या गोळ्या दिल्या. मग पडवीत आईंच्या चटईवर जाऊन बसली. बाहेर ऊन होतं. बोलता बोलता तिने आईंचा पेला उचलला, शेजारच्या कळशीतून भरला आणि घटाघट प्याली. पुन्हा भरला, पुन्हा प्याली. तिला त्यात काही वेगळं केल्याचं भानही नव्हतं. ती आईंना गोळ्यांचं पाकीट कसं फोडायचं ते दाखवत होती.

मी दारात उभी होते. माझ्या थोबाडीत कुणी फाडकन मारावी तसं मला झालं. ती गेल्यावर मी ताट, पेला, चटई उचलून आत आणली. आई म्हणाल्या, "राहू दे गो, हवा येते हितं." मी त्यांचं ऐकलं नाही. त्यांच्या समोर बसून रडले आणि माफी मागितली. त्यांनी डाव्या हाताने, ज्या हाताला अजून सगळं कळत होतं, माझं डोकं कुरवाळलं.

मिस्त्रीचा फोन आला. ट्रॉल्या तयार होत्या, भोकं पाडायची राहिली होती. "वहिनी, माप?"

आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. डॉक्टरांनी आईंना सांगितलं होतं की आता बोटांचं काम डोळ्यांनी करायचं, आधी बघायचं मग धरायचं. धार असलेलं, बारीक, टोचणारं काही वापरायचं नाही. पकड जाड हवी. मी शेठना काय सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. आईंनी मला वेळच दिला नाही. बोटांची जखम कशी आहे असं शेठने विचारताच त्या म्हणाल्या, "जखम बरी हाय. मना महारोग झालाय, म्हनून कळला न्हाय. गोळ्या चालू हायत."

दुकानात दुसरं एक जोडपं नॉब बघत होतं. ते बोलायचे थांबले, आणि थोड्या वेळाने निघून गेले. शेठच्या हातात एक हँडल होतं, आईंना द्यायला काढलेलं. त्यांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी ते हँडल आईंच्या हातात न देता काउंटरवर ठेवलं. आईंनी ते उचललं आणि उलटसुलट करून बघायला लागल्या. मला शेठचा राग आला, पण रागावण्याचा हक्क मला कितपत होता?

पण शेठ तेवढ्यावरच थांबले नाहीत. पुढचा तासभर त्यांनी आमच्यासाठी दुकान उपसलं. आई एकेका नमुन्यापुढे उभ्या राहायच्या, हात बघायच्या, हँडल बघायच्या, मग धरायच्या. छोटे नॉब त्यांच्या चिमटीतून निसटत होते. अंगठा आणि पहिलं बोट दाबून धरायला गेलं की अंगठा दुमडायचा. कडीसारख्या हँडलात बोट अडकलं आणि त्यांना ते बाहेर काढणं जमेना, मी काढलं. पातळ दांडीची हँडलं त्या शेवटच्या दोन बोटांनी धरलीच जात नव्हती. प्रत्येक हँडलामागे त्यांचा हात काय काय विसरला आहे ते मला नव्याने कळत होतं. त्या दिवसापर्यंत हँडल म्हणजे दिसायची वस्तू आहे असंच मला वाटत होतं.

"हँडलच नको असेल तर हे पण आहे," शेठ म्हणाले आणि त्यांनी एक कोरं दार दाखवलं. "फक्त दाबा."

आईंनी दाबलं. टक् आवाज झाला आणि दार आपलं आपण उघडलं. आई दोन पावलं मागे सरकल्या. "भुताटकी नको घरात," त्या म्हणाल्या. शेठ हसले, मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

शेवटी एका खालच्या खोक्यातून शेठने एक रुंद हँडल काढलं. इंग्रजी डी अक्षरासारखं, स्टीलचं, चमक नसलेलं, लाटण्याच्या मुठीएवढं जाड, सगळ्या कडा गोल. पंजा आडवा घातला तर पूर्ण आत जात होता. आईंनी हात घातला, मूठ वळली तेवढी वळू दिली आणि नुसतं मनगट मागे घेतलं. ड्रॉवर सरळ उघडला. त्यांनी तो बंद करून पुन्हा उघडला.

"ह्या," त्या म्हणाल्या.

ते हँडल मोठ्या ऑफिसातल्या फायलींच्या कपाटाला शोभेल असं होतं. माझी काळी रेघ गेली, सोनेरी नॉब गेले. बाथरूमसाठीही तेच घेतलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? निघताना शेठने पिशवी काउंटरवर ठेवली नाही, आईंच्या डाव्या हातात दिली. "बा, वरसभर गोळ्या चुकवू नका," ते म्हणाले.

हँडलं बसली. मिस्त्रीने ती बघून भुवई उंचावली, पण भोकं सरळ पाडली. आईंच्या गोळ्या वर्षभर चालल्या. मधल्या काळात त्या गोळ्यांनी त्यांची कातडी काळवंडली, आणि लोक विचारायला लागले. त्या सरळ सांगायच्या. मला आधी ते सहन होत नसे. मी कोपराने ढोसायची. माझ्या चुलत सासूबाई नवं स्वयंपाकघर बघायला आल्या त्या दारातूनच बघून गेल्या, चहा नको म्हणाल्या, आणि त्यानंतर आमच्याकडच्या कुठल्याच कार्याला जेवल्या नाहीत. नवऱ्याने त्यांच्याकडे जाणं सोडलं.

गोळ्या संपल्या तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा डोळे मिटायला लावले. शेजारच्या बोटाला टोचलेलं आईंना कळलं. करंगळीला नाही. ती थोडी वाकडी झाली ती वाकडीच राहिली. भाकऱ्या आता चिमट्याने उलटल्या जातात, आणि माझी मुलगी टाळ्या वाजवत नाही. "आजी, आधी बघ," असं ओरडते.

गेल्या महिन्यात आईंच्या बरोबरीने मिठाच्या पाट्या वाहिलेली आमच्या आळीतली एक बाई सकाळी दही मागायला आली. मी ऑफिसच्या घाईत होते. "चमचा खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, घ्या तुम्हीच," मी म्हटलं. तिने बोटं पुढे केली, मग थांबली, आणि मनगट हँडलात घालून ड्रॉवर ओढला. मला त्यात काहीच वेगळं दिसलं नाही.

आई ओट्यापाशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"बाय," त्यांनी तिला विचारलं, "करंगळी कवापासून झोपलीय?"

त्या बाईने झटकन हात पदराखाली घेतला. "काय न्हाय, मिठाचा हात हाय," ती म्हणाली.

"व्हय, माझाही तोच हाय," आई म्हणाल्या. "बस हितं. बाही वर कर."

ती बसली. मी पर्स खांद्याला लावून तशीच उभी राहिले. मग ऑफिसला फोन करून आज उशीर होईल असं सांगितलं, आणि रिक्षा बघायला बाहेर पडले.